खोऱ्याच्या पाण्याची खतावणी



गेल्या हंगामात गट ऑफिसात दोन सभासदांची चांगलीच जुंपली. एकाची जमीन माळाच्या उताराला, उपसा सिंचनाच्या पाण्यावर. दुसऱ्याची खाली ओढ्याकाठी, काळी, एके काळी एकरी साठ टनाला मागे न हटणारी. खालच्याचे म्हणणे, "अण्णा, तुम्ही वर पाण्याच्या पाळ्या देता, ते पाणी माझ्या उसाच्या मुळाशी येऊन बसतं. रान पांढरं फटक पडलं माझं." वरच्याचे म्हणणे, "माझ्या बांधाबाहेर पाण्याचा थेंब जात नाही. येऊन बघा."

आम्ही दोन्हीकडे जाऊन पाहिले. अण्णांच्या बांधावरून खरोखरच थेंब बाहेर जात नव्हता. आणि खालच्या रानात तीन फूट खड्डा घेतला, तर संध्याकाळपर्यंत त्यात पाणी उभे राहिले. दोघेही खरे बोलत होते.

येथे आमचीही एक चूक सांगून टाकतो. त्याआधी दोन वर्षे आम्हीच खालच्या सभासदाला जिप्सम टाकायला सांगितले होते. त्याने टाकले. पैसे गेले, रान होते तसेच राहिले. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेला सोडियम सुटा करतो हे खरे, पण सुटा झालेला सोडियम धुऊन खाली जायला वाट पाहिजे. पाण्याची पातळीच तीन फुटांवर असेल तर तो जाणार कुठे? आम्ही रानाची माती पाहिली. ते पाणी कुठून येते, हे पाहायला पाहिजे होते, ते पाहिले नाही.

ते पाहायचे कसे, हा या लेखाचा विषय आहे. आमच्या शिक्षणाच्या काळी हा विषय अभ्यासाला नव्हता. कृषि अभियांत्रिकीचे दोन विद्यार्थी त्याच ओढ्याचा अभ्यास करायला आपल्या कार्यक्षेत्रात आले, त्यांच्याबरोबर फिरता फिरता आम्ही तो शिकलो. जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

बांधाचा हिशोब आणि खोऱ्याचा हिशोब

ज्या जमिनीवर पडलेले पाणी शेवटी एकाच ठिकाणाहून बाहेर पडते, ते त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र. ओढ्याचे असते, नदीचे असते. असे अनेक ओढे मिळून नदीचे खोरे होते. आपल्या कृष्णेचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे आहे. त्यातील सुमारे ६९ हजार महाराष्ट्रात, बाकीचे खाली कर्नाटक, तेलंगण आणि आंध्रात. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात पाचशेची मारामार. ही सगळी जमीन पाण्याच्या दृष्टीने एकच घर. एका खोलीत हंडा ओतला तर दुसरीत ओल येणारच.

हे काही नवे नाही. कृष्णेच्या पाण्याचे वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने १९७३ साली आपला अहवाल दिला, तेव्हा दर चार वर्षांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरले आणि त्यात आणखी ७० टीएमसी मिळवले. हे ७० कुठले? तर शेताला दिलेल्या पाण्यातून झिरपून पुन्हा नदीत येणारे. त्यातले २५ महाराष्ट्राच्या वाट्याला आले, म्हणून आपले ५६० चे ५८५ झाले. म्हणजे अण्णांच्या रानातून खाली उतरणारे पाणी हे कायद्याच्या कागदावर तेव्हापासून जमा आहे. फरक इतकाच, की लवादाने ते ठरावीक टक्केवारी धरून काढले होते. कोणत्या उतारावरून किती, कोणत्या महिन्यात, आणि वाटेत कोणाच्या रानाखालून, हे टक्केवारीतून कळत नाही. संगणकावरील गणित करते ते हेच.

याला इंग्रजीतून आलेला 'मॉडेल' हा शब्द रूढ आहे, आम्हीही तोच वापरतो. मॉडेल म्हणजे भविष्य सांगणारे यंत्र नव्हे. ती खतावणी आहे. सोसायटीच्या खतावणीत जसे प्रत्येक सभासदाचे पान, आरंभीची शिल्लक, जमा, नावे आणि अखेरची शिल्लक, तसे येथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचे पान. जमेला पाऊस आणि पाटाचे पाणी. नावे टाकायचे ते पिकाने आणि उन्हाने घेतलेले, वरून वाहून गेलेले, खाली झिरपलेले. उरलेली शिल्लक मातीत. दुसऱ्या दिवशी तीच आरंभीची शिल्लक. असे रोजच्या रोज, वीस-तीस वर्षे. माणसाच्या हाताने हे होण्यासारखे नाही, संगणक काही मिनिटांत करतो.

खतावणीची पाने कशी पडतात

सगळ्यांत जास्त वापरात असलेले मॉडेल 'स्वॅट' या नावाने ओळखले जाते. अमेरिकेच्या कृषि खात्याचे जेफ अर्नोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी टेक्सास राज्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ते तयार केले. ते फुकट मिळते, ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट. आपल्याकडे दिल्लीच्या आय.आय.टी.चे प्रा. गोसाईं यांनी हवामान बदलाचा देशातील नद्यांवर काय परिणाम होईल याचा हिशोब याच मॉडेलवर मांडून २००६ साली प्रसिद्ध केला. आपल्या शेजारच्या भीमेच्या वरच्या खोऱ्यातही ऊस, ज्वारी आणि बाजरी ही पिके घनमीटर पाण्यामागे किती देतात, हे संशोधकांनी यावरच काढले आहे.

पहिली गरज जमिनीच्या उंचसखलपणाची. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' या अंतराळयानाने अकरा दिवस रडार फिरवून जवळजवळ सगळ्या जगाच्या जमिनीची उंची मोजली. त्या नकाशात साधारण तीस मीटरच्या चौकटी आहेत. संगणक प्रत्येक चौकटीला विचारतो, तुझ्या आठ शेजाऱ्यांत सगळ्यात सखल कोण? पाणी तिकडे. एवढ्या एका प्रश्नावर ओघळी, ओढे, नदी आणि पाणलोटाची रेघ आपोआप पडते. विद्यार्थ्यांनी आमच्यासमोर ते करून दाखवले, तेव्हा आपल्या गावचे ओढे पडद्यावर उमटताना पाहून आम्ही खरोखरच थक्क झालो. फक्त आपण मोटारपंपाच्या पाइपने डोंगर ओलांडून पाणी नेतो, हे त्या बिचाऱ्याला माहीत नसते. ते सांगावे लागते.

मग माती: मुरमाड, मध्यम, भारी काळी. मग त्यावर काय उभे आहे: ऊस, ज्वारी, पड, झाडी, घरे. आणि उतार. या तिन्ही गोष्टी जिथे सारख्या, ती जमीन एका पानावर. 'काळी माती, ऊस, सपाट' हे एक पान, 'मुरमाड, ऊस, उताराची' हे दुसरे.

आता एका पानावरचा एक आकडा आपण स्वतः काढून पाहू, म्हणजे यात जादू काही नाही हे पटेल. पावसातले किती पाणी वाहून जाईल, हे ठरवायला अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने १९५० च्या दशकात एक कोष्टक केले. जमिनीला तिच्या स्वभावाप्रमाणे शंभरपैकी गुण द्यायचे. गुण जास्त तर पाणी जास्त वाहणार. समजा एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला. उघडी, दबलेली जमीन, गुण ८५, तर सूत्राप्रमाणे ६१ मिलिमीटर वाहून जाते. तीच जमीन झाकलेली, भुसभुशीत, गुण ७०, तर जवळजवळ ३३ मिलिमीटर. फरक २८ मिलिमीटरचा. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर, तेव्हा फरक झाला एकरी एक लाख बारा हजार लिटरचा, एका पावसात. खोडव्यात पाचट जाळू नका असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो, त्याच्या मागे हाही हिशोब आहे. वाहून जाणाऱ्या पाण्याबरोबर माती जाते, मातीबरोबर स्फुरद जातो, आणि त्या प्रत्येकाचे वेगळे पान असते.

'एकात्मिक' म्हणजे काय

आम्हाला वाटले, झाले, आता अण्णांचा निकाल लागला. तर विद्यार्थी म्हणाले, "साहेब, साध्या स्वॅटमध्ये एका पानावरचं पाणी दुसऱ्या पानावर जातच नाही. प्रत्येक पानातनं ते थेट ओढ्याला मिळतं." म्हणजे अण्णांच्या रानातले पाणी वाटेत खालच्या रानाखाली साठते, ही नेमकी आपली अडचण त्या खतावणीत दिसायचीच नाही! हा दोष माहीत असल्यामुळे नंतरच्या आवृत्तीत उताराच्या वरच्या भागातून खालच्या भागात पाणी जाण्याची सोय करण्यात आली. दुसरा उपाय जोडणीचा. जमिनीखालच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८४ मध्ये 'मॉडफ्लो' नावाचे वेगळे गणित केले, त्यात खालच्या पाण्याची पातळी चौकटी-चौकटीने हलते. स्वॅटने सांगायचे वरून किती झिरपले, मॉडफ्लोने सांगायचे ते कोठे गेले आणि पातळी किती चढली. असेच पिकाच्या वाढीचे गणित जोडता येते, धरणाचे जोडता येते, खर्च-उत्पन्नाचे जोडता येते. एकाची अखेरची शिल्लक ती दुसऱ्याची आरंभीची. अशी निरनिराळी गणिते एकत्र बांधून जमीन आणि पाणी यांचा एकच हिशोब करणे, याला एकात्मिक म्हणायचे. सोसायटी, बँक आणि कारखाना यांच्या वह्या एकमेकांशी जुळवून पाहिल्याशिवाय सभासदाचे खरे येणे-देणे कळत नाही, तसेच हे.

एका गोष्टीचा खुलासा करतो, कारण हा प्रश्न हमखास येतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखा पूर किती फूट चढेल, हे या रोजच्या खतावणीतून निघत नाही. पुराला तासा-तासाचा हिशोब लागतो आणि नदीच्या पात्राची आडवी मापे लागतात. त्याचे मॉडेल वेगळे. जलसंपदा विभागाने जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा-भीमा खोऱ्यांसाठी पुण्यात तशी यंत्रणा उभी केली. कोणत्या प्रश्नाला कोणते मॉडेल, हे आधी विचारावे.

ठिबकने पाणी वाचते का?

हा मुद्दा जरा सविस्तर घेतो, कारण यात आमचेही मत बदलले.

समजा एका एकराला वर्षभरात पाऊस ६०० मिलिमीटर आणि सरीने दिलेले पाणी २२००, मिळून २८००. उसाने आणि उन्हाने घेतले १७००. उरले ११००. आता तेथे ठिबक केले आणि दिलेले पाणी १३०० वर आणले. पावसासह १९००. उसाने घेतले तेवढेच, १७००. उरले २००. शेतकऱ्याच्या हिशोबाने वाचले ९०० मिलिमीटर, म्हणजे एकरी छत्तीस लाख लिटर. विजेचे बिल कमी, खत वाहून जाणे कमी, टनेज चांगले. हे सगळे खरे आणि म्हणून ठिबक करावे, यात वाद नाही.

पण खोऱ्याच्या हिशोबाने? उसाने हवेत सोडलेले पाणी आधीही १७०० होते, आताही १७००. जे ९०० वाचले म्हणतो, ते आधी जात कुठे होते? ते जर अण्णांच्या रानातून खालच्या रानाखाली जाऊन क्षार वर आणत होते, तर ते वाचणे म्हणजे दुहेरी फायदा. जमीन वाचली आणि नदीतून उपसलेले पाणी नदीतच राहिले. पण तेच ९०० जर दुसऱ्या एखाद्या उतारावर खालच्या गावच्या विहिरी भरत असेल, तर वर ठिबक झाल्यावर उन्हाळ्यात त्या विहिरी आटणार. तिथला शेतकरी म्हणणार, यंदा पाऊस चांगला होऊन विहिरीला काय झाले? एकच उपाय, दोन उतार, दोन परिणाम.

आणि तिसरी गोष्ट, आपल्या मनातली. ते वाचलेले पाणी नदीत राहू देतो का आपण? बहुतेक जण त्या ९०० मिलिमीटरवर आणखी सत्तावीस-अठ्ठावीस गुंठे ऊस लावतात. लावला, की खोऱ्यातून हवेत जाणारे पाणी वाढले. बचतीच्या साधनाने खर्च वाढला! हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. जगभरच्या अनुभवावरून शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हेच मांडले, की सिंचनाची कार्यक्षमता वाढली म्हणून खोऱ्याला पाणी उरेलच असे नाही, त्याबरोबर एकूण वापराला मर्यादा आणि मोजणी लागते. आमच्या मते अनुदानाचा फॉर्म भरताना 'वाचलेल्या पाण्याचे काय करणार' असा एक रकाना असायला हवा. असो.

क्वीन्सलंडच्या ऊसवाल्यांची गोष्ट

ऊसवाल्यांच्या बाबतीत हे मॉडेल कुठवर जाते, हे पाहायचे तर ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्यावे. तेथील क्वीन्सलंड राज्यात पावसाळी किनारपट्टीवर ऊस आहे आणि समोरच समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ हा प्रवाळांचा प्रचंड पट्टा. शेतातला नत्र आणि गाळ नद्यांतून तेथे पोचतो आणि प्रवाळाला बाधतो. पस्तीस नद्यांची खोरी, हजारो शेतकरी. प्रत्येक बांधावर मोजणी अशक्य. म्हणून काही ठिकाणी मोजायचे आणि बाकीचे मॉडेलने काढायचे असे ठरले. उसाच्या शेतापुरते 'ॲप्सिम' नावाचे मॉडेल आणि त्याचे उत्तर पुढे नदीखोऱ्याच्या 'सोर्स' नावाच्या मॉडेलला. शेतापासून प्रवाळापर्यंत एकच साखळी. २०१७ च्या योजनेत उद्दिष्ट ठरले, की माणसाच्या कृतीमुळे नद्यांवाटे जाणारा विरघळलेला नत्र २०२५ पर्यंत ६० टक्के आणि बारीक गाळ २५ टक्के कमी करायचा. २०१९ मध्ये कायदा झाला. खताच्या नोंदी ठेवणे ऊसवाल्यांवर बंधनकारक झाले.

तेथील शेतकरीही आपल्यासारखेच. अनेकांचा विश्वास बसेना. माझ्या शेतातला नत्र समुद्रात जातो हे कशावरून? संसदेच्या समितीपर्यंत तक्रार गेली. पण केर्न्स शहराजवळ रसेल-मलग्रेव्ह खोऱ्यात काही ऊसवाल्यांनी शास्त्रज्ञांबरोबर वेगळी वाट धरली. आपल्याच ओढ्यांत नायट्रेट मोजणारी यंत्रे बसवून घेतली, आकडे मोबाईलवर. खत टाकले, पाऊस झाला, की ओढ्यातला आकडा चढतो का, हे ज्याने त्याने पाहावे. आम्हाला ही गोष्ट फार पटली. शंका घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, पण शंका मोजून घ्यावी.

जाता जाता, तेथे नत्राचा हिशोब अपेक्षित उसावर करतात: हेक्टरी शंभर टनांपर्यंत टनाला १.४ किलो आणि त्यावरच्या टनाला एक किलो, त्यातून जमीन देते ते वजा. १२० टनांच्या भागाला १६० किलो. आपली शिफारस सुरूला २५० आणि आडसालीला ४०० किलो. आडसाली सोळा-अठरा महिने उभा असतो, माती वेगळी, त्यामुळे सरळ तुलना करू नये. पण शिफारशीवर आणखी 'हाताला येईल तेवढा' युरिया टाकणाऱ्यांनी तो पाझराच्या पाण्यातून कोणाच्या विहिरीत उतरतो, याचा विचार करावा.

आमच्या वहीची परीक्षा

आता परत आपल्या ओढ्याकडे. मॉडेलचे उत्तर खरे की खोटे, हे प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्याशी ताडून पाहतात. नॅश आणि सटक्लिफ या दोघांनी १९७० मध्ये सांगितलेला एक गुणांक त्यासाठी सर्वत्र वापरतात. एक आला तर उत्तर तंतोतंत. शून्य आला तर नुसती सरासरी सांगितली असती तरी चालले असते. महिन्याच्या हिशोबाला ०.५ च्या वर आला तर समाधानकारक मानतात.

विद्यार्थ्यांनी पुलाखाली पट्टी रंगवून वर्षभर ओढ्याचे पाणी मोजले. ओढ्याच्या पाणलोटात ऊस किती, हे आमच्याकडे विचारले. आम्ही नोंदवहीतून क्षेत्र दिले. मॉडेल चालवले, तर ते म्हणे ओढा फेब्रुवारीत कोरडा पडतो. प्रत्यक्षात तो मे महिन्यात वाहत होता, आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

यावर एक सोपी पळवाट होती. जमिनीखालून ओढ्याला पाणी मिळण्याचा आकडा हाताने थोडा वाढवला, की उत्तर जुळते आणि गुणांकही छान येतो. दोन चुका एकमेकींना झाकतात. विद्यार्थी तेच करणार होते. त्यांचे गुरुजी चांगले, त्यांनी अडवले आणि उपग्रहाचे चित्र बघा म्हणाले. युरोपच्या 'सेंटिनेल-२' या उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात. त्यातली एक चौकट दहा मीटर बाय दहा मीटरची, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! ढग नसतील तर पाच-पाच दिवसांनी नवे चित्र.

चित्रात आमच्या वहीपेक्षा ऊस जास्त निघाला. चांगलाच जास्त. आम्हाला मान खाली घालावी लागली.

कारणे आपल्याला ठाऊक आहेत, लिहायला संकोच नको. कोणी दुसऱ्या कारखान्याकडे नोंद केलेली. कोणी गुऱ्हाळाला ठेवलेला. उपसा योजनेच्या पाणीपट्टीला घाबरून कोणी दोन एकराचा सव्वा लिहिलेला. चिटबॉयने बांधावर न जाता चावडीवर बसून भरलेली नोंद, हीसुद्धा आहे, आणि ती जबाबदारी आमची. सात-बाऱ्यावरची पीक पाहणी २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची आहे, तीही बरेच जण शेवटच्या दिवशी अंदाजाने भरतात.

खरे क्षेत्र घातल्यावर ओढा मॉडेलमध्येही उन्हाळ्यात वाहू लागला. म्हणजे मे महिन्यात तो वाहतो ते आपण नदीतून वीज जाळून वर चढवलेलेच पाणी, परत खाली येते आहे. आणि येताना खालच्या सभासदाच्या काळ्या रानाखाली मुक्काम करते आहे. पळवाट धरली असती तर ओढ्याचे उत्तर बरोबर आले असते आणि क्षारपड रानाचे चुकले असते. कारण हे पाणी पावसाचेच मुरलेले आहे असे गणिताने धरले असते आणि पाळ्या कमी करण्यात काही अर्थ नाही, असे सांगितले असते.

मॉडेलवर उपाय ताडून पाहता येतात, हा त्याचा मोठा गुण. वर ठिबक केले तर? उताराच्या पायथ्याला अडवा चर काढला तर? खाली जमिनीत सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला तर? वर पाळ्या कमी केल्याबरोबर खालची पातळी उतरत नाही, आधी साठलेली शिल्लक संपावी लागते. खाली नुसता निचरा केला आणि वर पाळ्या तशाच ठेवल्या, तर पाइप वाहत राहतो आणि आपण पैसे मोजून चढवलेले पाणी ओढ्यात ओततो. दोन्ही बाजूंनी हात लागला तरच रान सुधारण्याच्या वाटेला लागते, आणि जिप्सम टाकायचा तो निचरा झाल्यावर.

अण्णांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे खर्च मी करायचा आणि ऊस त्याचा वाढायचा?" प्रश्न रास्त आहे. शिवाय अण्णा एकटे नाहीत, त्या योजनेवर सगळा माळ भिजतो. एकाला दोष देणे अन्याय होईल. खर्च कोणी किती उचलायचा, हे संगणक ठरवणार नाही, ते योजनेच्या आणि कारखान्याच्या सभेतच ठरेल. पण कोणाच्या रानातून किती पाणी उतरते, याचा आकडा हाती असेल तर ती सभा भांडणाऐवजी हिशोबाची होईल.

त्यासाठी तीन नोंदी हव्या आहेत. पहिली, लागणीचे खरे क्षेत्र, मग ऊस कोणालाही घाला. ही माहिती खोऱ्याच्या अभ्यासासाठी वेगळ्या वहीत ठेवली जाईल, ऊसनोंदीला किंवा पाणीपट्टीला जोडली जाणार नाही, असे संचालक मंडळाने मान्य केले आहे. दुसरी, उपसा योजनांच्या पंपांचे रोजचे तास. तिसरी, विहिरीची पातळी, वर्षातून चार वेळा: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी, कठड्यापासून पाण्यापर्यंत फूट-इंचात. ज्यांना विहीर नाही आणि रान ओढ्याकाठी आहे, त्यांनी पाच फूट खोल चार इंची पाइप भोके पाडून रानात पुरावा, त्यातली पातळी मोजावी.

मोजण्याची गाठी मारलेली दोरी आणि वही गट ऑफिसात ठेवली आहे. खालच्या सभासदाने आपली वही नेली. अण्णांनी अजून नेलेली नाही, पण परवा ऊस तोडणीच्या निमित्ताने आले तेव्हा दोरी हातात घेऊन तिच्या गाठी मोजत होते.